शेततळ्यातला रोहू आणि जपानी चकाकी

मृगाची पहिली सर पडून गेल्यावर जमिनीतून जो वास येतो, तो कोणाला आवडत नाही? आपण खिडकी उघडतो आणि छाती भरून श्वास घेतो. पण तोच वास ताटातल्या माशाला आला तर? मग मात्र आपण नाक मुरडतो आणि ताट बाजूला सारतो. एकच वास, एकदा हवाहवासा आणि एकदा नकोसा! असे का व्हावे?

हा प्रश्न मला माझ्या भाचीने घातला. ती आठवीत शिकते आणि सुप्याला राहते. शिवकालात गाजलेले, बारामतीकडचे सुपे ते वेगळे. हे सुपा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, मटकी आणि कांदा ही इथली जुनी पिके. अशा ठिकाणी मासे कुठून आले, असे तुम्ही विचाराल. ते आले शेततळ्यातून. राज्य शासनाने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. त्यानंतर गावोगाव शेततळी झाली. माझ्या दाजींनीही एक खणले, तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पाणी साठवले. पाणी आहेच, तर त्यात मासेही वाढवावेत, म्हणून रोहू आणि कटला यांची बोटुकली सोडली.

मासे वाढले. उन्हाळ्यात तळे आटण्यापूर्वी ते विकायला हवे होते. रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने पाच किलो नेले, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला, "पाहुणं, माशाला चिखलाचा वास येतो. गिऱ्हाईक खात नाही." झाले! खाद्याचा खर्च, बोटुकलीचा खर्च, वर्षभराची राखण, सारे त्या वासात बुडण्याची वेळ आली.

अशा वेळी माझ्या भाचीला एक कल्पना सुचली. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी वेगळा विभाग राखलेला आहे. भारतात ज्या जपानी औद्योगिक नगरी ठरल्या, त्यांत राजस्थानातील नीमराणा आणि आंध्र प्रदेशातील श्रीसिटी यांच्या जोडीला सुप्याचेही नाव आहे. तिचा चुलतभाऊ वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने जपानी लोकांच्या एका पदार्थाचे वर्णन ऐकले होते. माशाचा तुकडा, त्यावर तांबूस रंगाचा, आरशासारखा चमकणारा लेप, चव खारट-गोड! त्याचे नाव 'तेरियाकी'. जपानी भाषेत 'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणे. तिकडे हा पदार्थ बहुधा 'बुरी' नावाच्या समुद्री माशाचा करतात. "मामा, आपल्या रोहूचा केला तर?" भाचीने विचारले. त्या पदार्थात चिखलाचा वास झाकला जाईल, असा तिचा होरा होता.

पहिला प्रयत्न फसला

तिने सोया सॉस आणला, त्यात भरपूर गूळ विरघळवला, माशाचे धुतलेले तुकडे त्यात बुडवून तसेच तापलेल्या तव्यावर टाकले. दोन मिनिटांत तव्यावरून धूर निघू लागला. तुकडे बाहेरून काळे ठिक्कर पडले, आतून कच्चे राहिले आणि चकाकीचा पत्ताच नव्हता. वास? तो होताच, वर जळक्याचीही भर पडली. आजी म्हणाल्या, "पोरी, एवढा गूळ घातल्यावर करपणार नाही तर काय होईल?"

आजींचे बरोबर होते. पण 'करपणार' म्हणजे नेमके काय होणार, हे समजल्याशिवाय दुसरा प्रयत्न करायचा नाही, असे आम्ही ठरवले. चला, तुम्हीही आमच्याबरोबर या.

चकाकी म्हणजे काय?

कोरडा काळा दगड पाहा. तो निस्तेज दिसतो. त्यावर पाणी ओता. तो चमकू लागतो. दगड तर तोच आहे! कोरड्या दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो. पाण्याचा थर बसला की खाचखळगे भरून निघतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग प्रकाश आरशावरून परतावा तसा एका ठरावीक दिशेने परततो. हीच चकाकी.

पण माशावर पाण्याचा थर टिकणार नाही. तो ओघळून जाईल किंवा वाळेल. त्यासाठी दाट द्रव हवा. दाट द्रव कसा करायचा, हे लाडू करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. साखरेचे पाणी आटवले की पाक होतो. बोटांच्या चिमटीत त्याचा थेंब धरून बोटे दूर नेली की तार निघते. एकतारी पाक म्हणजे आटत आटत सुमारे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत पोचलेला पाक. पाणी १०० अंशांना उकळते, मग पाक १०५ अंशांवर कसा गेला? पाण्यात साखर जितकी अधिक, तितका त्या द्रावणाचा उत्कलनबिंदू वर सरकतो. म्हणजे आपल्या आजी चिमटीने तार पाहतात, तेव्हा त्या खरे तर तापमानच मोजत असतात!

तेरियाकीचा लेप हा असाच एक पाक आहे. फरक इतकाच की त्यात साखरेबरोबर सोया सॉस असतो. शिवाय माशाच्या कातडीतले 'कोलॅजन' नावाचे प्रथिन उष्णतेने विरघळून त्याचे जिलेटिन होते. तेही पाकात उतरते आणि त्याला आणखी दाटपणा आणते.

खरपूसपणाचे रसायन

आता रंगाकडे वळू. बाजरीची भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर तांबूस ठिपके पडतात, कांदा परतला की तो सोनेरी होतो, शेंगदाणे भाजले की घरभर वास सुटतो. या सगळ्यांमागे एकच प्रक्रिया आहे. १९१२ मध्ये लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शर्करा आणि अमिनो आम्ले पाण्यात एकत्र तापवली. मिश्रण हळूहळू पिवळे, मग तपकिरी झाले. प्रथिने ज्या घटकांची बनतात, ती ही अमिनो आम्ले. त्यांची शर्करेशी गाठ पडली आणि उष्णता मिळाली की रंगाचे, वासाचे आणि चवीचे शेकडो नवे रेणू तयार होतात. आपण त्याला नुसते 'खरपूस' म्हणतो. या गुंतागुंतीच्या प्रक्रियेच्या पायऱ्यांचा सुसंगत आराखडा जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला.

ही प्रक्रिया १४० अंशांच्या पुढे झपाट्याने होते. इथेच भाचीची पहिली चूक झाली होती. तिने ओले तुकडे तव्यावर टाकले होते. माशावर पाणी आहे तोवर त्याच्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांपलीकडे फारसे जात नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे जवळजवळ आठपट! तव्याची सारी उष्णता हे पाणीच खाऊन टाकते. मासा शिजतो, पण खरपूस होत नाही. म्हणून पहिला नियम: तुकडे फडक्याने टिपून कोरडे करा.

दुसरी चूक गुळाची. नुसती शर्करा १६० ते १७० अंशांच्या पुढे तापली की ती स्वतःच तपकिरी होते आणि आणखी तापली की काळी व कडू होते. तापलेला तवा तर २०० अंशांच्याही वर सहज जातो. माशाचा आतला भाग शिजायला काही मिनिटे लागतात, गूळ जळायला एक-दोन मिनिटे पुरतात. म्हणून दुसरा नियम: मासा आधी शिजवा, गोड लेप शेवटी लावा.

साखर की गूळ?

जपानी स्वयंपाकी साखर आणि तांदळापासून केलेले 'मिरिन' नावाचे गोड मद्य वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचे नाव घेतात, तो प्रवरानगरचा कारखाना याच जिल्ह्यातला. तेव्हा साखर आणि गूळ दोन्ही घरचेच.

मौज अशी की या कामाला गूळ अधिक चांगला. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. सुक्रोजचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीने बनलेला असतो आणि या दोघांचे 'हात' एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे तो अमिनो आम्लांशी थेट हात मिळवू शकत नाही. आधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. गुळात मात्र थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीपासूनच सुटे असते. त्यामुळे मायारची प्रक्रिया लवकर सुरू होते. लिंबाचा रस घातला तर आम्लामुळे उरलेल्या सुक्रोजचेही काही रेणू तुटतात. साखरेच्या पाकात लिंबू पिळले की पाकाचे स्फटिक होत नाहीत, ते याच कारणाने.

बुरशीने केलेला सॉस

सोयाबीन आता महाराष्ट्रातले मोठे खरीप पीक आहे. पण सोयाबीनचा हा काळसर, खारट द्रव कसा होतो? शिजवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर 'ॲस्परजिलस ओरायझी' नावाची बुरशी वाढवतात. जपानी लोक या बुरशी वाढवलेल्या धान्याला 'कोजी' म्हणतात. तिच्याविषयी त्यांना इतका आदर आहे की २००६ मध्ये जपानच्या मद्यनिर्मितिशास्त्राच्या संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून जाहीर केले!

ही बुरशी दोन प्रकारची विकरे सोडते. एक प्रकार सोयाबीनमधील प्रथिने तोडून त्यांची अमिनो आम्ले करतो, दुसरा गव्हातील पिष्ट तोडून त्याची शर्करा करतो. मग हे सारे मिठाच्या पाण्यात घालून कित्येक महिने मुरवतात. इतक्या खारट पाण्यातही तग धरणारे काही जीवाणू आणि यीस्ट त्यात वाढतात आणि त्याला आंबटपणा व सुवास आणतात. आपल्या इडलीचे पीठ रात्रभर आंबते, हे काही महिने आंबते इतकेच.

आता विचार करा. या द्रवात अमिनो आम्लेही आहेत आणि शर्कराही आहे. म्हणजे मायारच्या प्रक्रियेचे दोन्ही भिडू तयार! थंड पिंपातसुद्धा ही प्रक्रिया सावकाश चालूच राहते. सोया सॉसचा रंग बराचसा त्यातूनच येतो. तव्यावर तीच प्रक्रिया मिनिटांत होते.

एक सूचना महत्त्वाची आहे. कोजीची बुरशी घरी वाढवण्याचा प्रयत्न करू नका. दिसायला तिच्यासारखीच असलेली तिची एक बहीण भुईमुगावर आणि मक्यावर वाढते आणि 'अफ्लाटॉक्सिन' हे घातक विष तयार करते. दोघींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिवाय बाजारात मिळणारा प्रत्येक सोया सॉस मुरवलेला असतोच असे नाही. काही आम्लाने प्रथिने तोडून, रंग घालून झटपट केलेले असतात. बाटलीवरचे लेबल वाचायची सवय लावा.

पाचवी चव

गोड, आंबट, खारट, कडू. मग माशाच्या कालवणाची, पिकलेल्या टोमॅटोच्या साराची, सुकटीच्या चटणीची ती जी 'भरलेली' चव असते, ती यांपैकी कोणती? तोक्यो विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांना हाच प्रश्न पडला. जपानमध्ये 'कोम्बु' नावाच्या समुद्रशैवालाचे पाणी सार म्हणून वापरतात. इकेदांनी सुमारे १२ किलो कोम्बु घेऊन त्यातून घटक वेगळे करीत करीत शेवटी सुमारे ३० ग्रॅम ग्लुटामिक आम्ल मिळवले. हेच ते चवीचे रहस्य! १९०८ मध्ये त्यांनी या चवीला 'उमामी' असे नाव दिले. पुढे चालू शतकाच्या सुरुवातीला जिभेवर ही चव ओळखणारे खास ग्राहक रेणू सापडले आणि उमामीला पाचव्या चवीचा मान मिळाला.

१९१३ मध्ये इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशात उमामीचा दुसरा घटक शोधला. त्याचे नाव इनोसिनेट. जिवंत स्नायूत ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू असतो. मासा मेल्यावर तो पायरीपायरीने तुटतो आणि त्यातली एक पायरी म्हणजे इनोसिनेट. पुढे अकिरा कुनिनाका यांनी १९६० च्या सुमारास दाखवले की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव नुसती बेरजेने नव्हे, तर कितीतरी पटींनी वाढते.

आता आपल्या पदार्थाकडे पाहा. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट, माशात इनोसिनेट. दोघांची गाठ तव्यावर पडते! आणि देशावरच्या आठवडी बाजारातून आणलेल्या सुकटीत आजी टोमॅटो का घालतात, त्याचेही उत्तर इथेच आहे. टोमॅटोत ग्लुटामेट, सुकटीत इनोसिनेट. तोक्यो आणि पारनेर, दोन्हीकडच्या चुलींना हे गणित विज्ञानाच्या आधीच सापडले होते.

मासा शिळा होत जातो तसे इनोसिनेटही तुटते आणि शेवटी कडवट पदार्थ उरतो. म्हणून मासा ताजाच हवा. त्या बाबतीत शेततळ्यातल्या माशाची बरोबरी लांबून बर्फात आलेला मासा करू शकणार नाही.

आणि तो मातीचा वास

आता मूळ प्रश्न. १९६४ मध्ये इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाचा अभ्यास करून त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले हा वास मातीतून काढून कुपीत भरत आलेच होते. १९६५ मध्ये नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेवालिए यांनी अमेरिकेत मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून एक संयुग वेगळे केले आणि त्याला ग्रीक शब्दांवरून 'जिओस्मिन', म्हणजे 'भूमीचा गंध', असे नाव दिले. मातीच्या वासातला हा एक प्रमुख घटक. बीट खाताना जो मातकट वास येतो, तोही याचाच.

जिओस्मिन तयार करणारे सूक्ष्मजीव मातीत असतात, तसे पाण्यातही असतात. साचलेल्या पाण्यात शेण, खत किंवा उरलेले माशांचे खाद्य जास्त झाले की नील-हरित शेवाळ माजते. त्यातल्या काही जाती जिओस्मिन सोडतात. ते माशाच्या कल्ल्यांवाटे रक्तात शिरते आणि चरबीत साठते. आपले नाक या रेणूच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे पाच-दहा भाग असले तरी पुष्कळांना वास येतो! त्यामुळे माशात थोडेसे जिओस्मिनही लपत नाही. ते प्रकृतीला अपायकारक नाही, फक्त नाकाला खुपते.

म्हणजे दाजींचा मासा खराब नव्हता. त्याने फक्त तळ्याचा वास घेतला होता.

उपाय दोन. एक स्वयंपाकघरातला, दुसरा तळ्यावरचा. आम्लात जिओस्मिनच्या रेणूत बदल होऊन त्याचा वास जातो. आपले लिंबू तितके तीव्र नसते, त्यामुळे त्याने वास कमी होतो, पुरता जात नाही. आले, लसूण आणि खरपूस वास उरलेला काही झाकतात. चरबी जास्त असलेला पोटाचा भाग आणि कातडीखालची गडद पट्टी काढली तरी फरक पडतो. तळ्यावरचा उपाय अधिक खात्रीचा आहे. विकण्यापूर्वी मासे स्वच्छ पाण्यात खाद्य न देता ठेवायचे. मग शरीरातले जिओस्मिन हळूहळू बाहेर पडते. किती शिरले होते, पाणी किती गरम आहे आणि माशात चरबी किती, त्यावर काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

पण सुप्यासारख्या ठिकाणी स्वच्छ पाणी आणायचे कुठून? आठ दिवस दाजी या विचारात होते. मग भाचीने सुचवले, "आप्पा, सगळे मासे एकदम कशाला? घराजवळच्या हौदात थोडे थोडे ठेवू. हौदाचे पाणी बदलले की ते कांद्याला सोडू." पाणी वाया गेले नाही, उलट माशांच्या मलमूत्रातला नत्र कांद्याला मिळाला. तळ्यात शेण टाकणेही बंद झाले.

रोहूमागचा शोध

जाता जाता एक गोष्ट सांगतो. रोहू, कटला हे नद्यांतले मासे. ते पावसाळ्यात नदीला पूर आला की अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. मग शेततळ्यांना बोटुकली कुठून मिळते? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावले. हा दिवस आज देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. तो शोध लागला नसता, तर पारनेरच्या माळावर रोहू पोचलाच नसता.

दुसरा प्रयत्न

हौदात ठेवलेल्या माशांपैकी एक आणून आम्ही पुन्हा चूल पेटवली. तुम्हालाही करायचे असेल तर घरातले मोठे माणूस बरोबर घ्या. उकळत्या पाण्यापेक्षा उकळता पाक अधिक भाजतो, कारण तो जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो.

साहित्य: रोहूचे दोन सेंटिमीटर जाडीचे चार तुकडे, सोया सॉस तीन मोठे चमचे, किसलेला गूळ दोन मोठे चमचे, पाणी तीन मोठे चमचे, एक लिंबू, बोटाच्या पेराएवढे आले, दोन लसूणपाकळ्या, एक मोठा चमचा तेल.

१. तुकड्यांना अर्ध्या लिंबाचा रस चोळून वीस मिनिटे ठेवा. त्याहून जास्त ठेवू नका. आम्लाने बाहेरची प्रथिने गोठून तुकडा भुसभुशीत होतो.

२. तुकडे धुऊन फडक्याने नीट कोरडे करा.

३. सोया सॉस, गूळ, पाणी, किसलेले आले, ठेचलेला लसूण आणि एक चमचा लिंबूरस एकत्र करून गूळ विरघळू द्या. मीठ घालू नका. सोया सॉसच्या शंभर भागांत सोळा ते अठरा भाग मीठ असते.

४. पसरट तव्यात तेल तापवा. तुकडे ठेवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे भाजा. सारखे उलटू नका.

५. मासा शिजला की नाही ते पाहा. कच्चे मांस अर्धपारदर्शक असते. शिजल्यावर प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून एकमेकींत अडकतात आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखे मांस अपारदर्शक होते, पापुद्रे सहज सुटतात. बकऱ्याच्या मटणाला तास लागतो, माशाला मिनिटे. कारण पाण्यात तरंगणाऱ्या माशाच्या स्नायूंना बांधून ठेवणारी ऊती नाजूक असते.

६. आता मिश्रण ओता. आच थोडी वाढवा. आधी मोठमोठे बुडबुडे येतील, पाणी उडाले की ते लहान आणि दाट होतील. चमच्याने तोच पाक तुकड्यांवर पुन्हा पुन्हा घाला. दोन-तीन मिनिटांत पाक चमच्याला धरू लागेल. लगेच तवा उतरवा. क्षणभर उशीर झाला तर तो करपतो.

गरम भाताबरोबर वाढा. भाकरीबरोबरही छान लागतो. रोहूला बारीक काटे फार, तेव्हा सावकाश खा. सोयाबीन किंवा गहू ज्यांना चालत नाही आणि ज्यांना मीठ कमी खायला सांगितले आहे, त्यांनी मात्र हा पदार्थ टाळावा.

भाचीने आणखी एक गोष्ट केली. तिने दोन तुकडे सरळ तळ्यातल्या माशाचे आणि दोन हौदातल्या माशाचे घेतले. जाडी, पाक, वेळ सारे सारखे ठेवले. कोणता तुकडा कोणता हे न सांगता आजी, ताई, दाजी आणि मला खायला दिले. चौघांनीही हौदातला बरोबर ओळखला. चार माणसांच्या मतावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या सारख्या ठेवायच्या, ही प्रयोगाची रीत तिला कळली होती. आणि तिचा पहिला होराही तिने स्वतःच दुरुस्त केला. "मामा, पाकाने वास झाकला नाही, थोडा कमी केला. घालवला तो हौदाने."

करून पाहा

• एक काळी पाटी घ्या. अर्ध्या भागावर दाट साखरेचा पाक पातळ पसरा. उन्हात तिरकी धरून दोन्ही अर्ध्या भागांवरून परतणारा प्रकाश पाहा.

• बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या घ्या. एक फडक्याने कोरडी करा, दुसरी ओली ठेवा. दोन्ही एकाच वेळी तव्यावर टाका. कोणती आधी तांबूस होते? घड्याळ लावून वेळ लिहा.

• नाक चिमटीत धरून कच्च्या बिटाचा तुकडा चावा. गोडी कळेल, मातकटपणा कळणार नाही. मग नाक सोडा. काय होते?

ढाबेवाल्याचे काय झाले, ते राहिलेच. दाजींनी त्याला हौदातले पाच किलो मासे पुन्हा दिले. दोन दिवसांनी त्याने आणखी मागवले. दर मात्र एक रुपयानेही वाढवून दिला नाही! दाजी हसून म्हणाले, "मासा तरी खपला." यंदा त्यांनी तळ्यात पुन्हा बोटुकली सोडली आहे.

आता पहिला पाऊस पडेल तेव्हा तो वास जरूर घ्या. आणि लक्षात ठेवा, तो नुसता मातीचा वास नाही. मातीत राहणाऱ्या असंख्य डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा तो निरोप आहे.